पाच मिनिटं गप्प

डॉक्टरांचं सर्टिफिकेट वर्षअखेर संपणार होतं, आणि त्याच्या रिन्यूअलचं बरंचसं काम त्यांनी केव्हाच उरकलं होतं. तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळाचा नियम असा, की एकदा परीक्षा पास झाल्यावर जन्मभर तज्ज्ञ म्हणवून घेता येत नाही. दर काही वर्षांनी आपण अजून शिकतो आहोत हे दाखवावं लागतं. त्यासाठी चर्चासत्रांना हजेरी लावून क्रेडिट मिळवायची, घरबसल्या कॉम्प्युटरवर प्रश्नपत्रिका सोडवायची, आणि शेवटी स्वतःच्या रोजच्या कामातली एखादी गोष्ट निवडून ती कशी करतो हे दुसऱ्या डॉक्टरला शेजारी बसवून पाहू द्यायचं. मग ती सुधारायची आणि पुन्हा पाहू द्यायचं.

क्रेडिट जमली होती. हृदयविकाराच्या चर्चासत्रात डॉक्टर पहिल्या रांगेत बसले होते आणि मधुमेहाच्या चर्चासत्रात शेवटच्या, कारण तिथे जेवणानंतर झोप येते हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. प्रश्नपत्रिकेतही चांगले मार्क पडले होते. उरलेल्या भागासाठी त्यांनी बीपी मोजणं निवडलं.

"बीपी?" बायको म्हणाली. "ते तर तुम्ही रोजच बघता."

"म्हणूनच. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाच्या पोराला येतं ते. उगाच अवघड काही घेऊन हसं कशाला करून घ्यायचं?"

"मग त्यात सुधारणा काय दाखवणार?"

"थोडी दाखवायची. मंडळाला बरं वाटतं."

सर्टिफिकेट गेलं तर दवाखाना बंद पडणार नव्हता. पण रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात आपले पेशंट दाखल करायचा आणि वॉर्डात जाऊन त्यांना बघायचा हक्क फक्त चालू सर्टिफिकेटवाल्यांना होता. दवाखान्याचं शटर ओढून रस्ता ओलांडायचा, लिफ्ट न घेता जिना चढायचा आणि आपल्या माणसांच्या खाटांशी दोन शब्द बोलून घरी जायचं, हा डॉक्टरांचा अनेक वर्षांचा परिपाठ. तो हक्क गेला असता तर पेशंटला फाटकापर्यंत सोडून परत फिरावं लागलं असतं. इतर कशाचं नाही, पण या एका गोष्टीचं त्यांना वाईट वाटलं असतं. नव्हे, ती त्यांना सहनच झाली नसती.

निरीक्षक म्हणून नातेवाईक चालत नव्हता आणि भागीदारही चालत नव्हता. मंडळाने हॉस्पिटलच्या मेडिसिन विभागाच्या प्रमुख बाईंना नेमलं. बाई एके काळी डॉक्टरांच्याच विद्यार्थिनी. वर्ग संपून मुलं उठायला लागली की मागून हात वर यायचा, "सर, एक शंका." तेव्हापासून सगळी बॅच त्यांना शंका म्हणायची. डॉक्टर अजूनही तेच म्हणत.

"शंका येणार म्हणजे काम झालं," डॉक्टर बायकोला म्हणाले. "घरचीच आहे."

शंका सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच दारात उभी होती. केसात पांढरं आलं होतं, खांद्यावरची झोळी मात्र विद्यार्थ्यांसारखीच होती. झोळीतून तिने दोन जोड कानांचा स्टेथोस्कोप काढला. एकाच नळीतून दोघांना एकदम ऐकू येईल असा, शिकवण्यासाठी वापरतात तसा.

"हा अजून आहे?" डॉक्टर खूश झाले. "यावरच शिकवलं होतं तुम्हाला."

"हो सर." ती वजनकाट्याशेजारच्या स्टुलावर बसली. "मी मधे बोलणार नाही. माझं काम फक्त बघायचं. तुम्ही नेहमीसारखं करा."

डॉक्टरांनी नेहमीसारखं केलं. पेशंट आत आला की डॉक्टर बोलायला सुरुवात करत, ती तो बाहेर जाईपर्यंत. मुलाची नोकरी, नव्या सुनेचा स्वभाव, गुडघे, शेजाऱ्याचं कुत्रं. बोलता बोलता पट्टा दंडाला बांधला जाई, बोलता बोलता फुगा दाबला जाई, आणि काटा खाली घसरत असताना, बहुतेकदा बस कंडक्टरच्या जुन्या विनोदाचा, शेवट येई. पेशंट हसत. काही जण तर म्हणत, की डॉक्टरांशी बोललं की अर्धा आजार तिथेच जातो. शंकाने प्रत्येकाला विचारलं, "मी बसले तर चालेल ना?" कोणी नाही म्हणालं नाही.

दुपारच्या सुमाराला सलूनवाला आला. कोपऱ्यावरचं सलून त्याचं. डॉक्टरांचे केस त्याच्याकडे, त्याचं बीपी डॉक्टरांकडे, असा जुना व्यवहार. गप्पांत डॉक्टरांना तोडीस तोड असा हा एकच माणूस होता.

"काय म्हणतो आमचा राजा?" डॉक्टरांनी सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला.

"राजा कसला, गोळ्यांचा डबा झालाय माझा. आधी दोन होत्या, आता तीन. उठून उभा राहिलो की खुळखुळा वाजतो."

"तुझं डोकं वाजत असेल ते. रिकामंच आहे."

"माझं आतून रिकामं, तुमचं वरून. केस मीच कापतो तुमचे. आता तर कापायलाही काही उरलं नाही."

दोघं खदाखदा हसले. स्टेथोस्कोपची दुसरी जोडी लावून बसलेल्या शंकाच्या कानात त्या हसण्याखाली कुठेतरी ठोके सुरू झाले आणि संपले. काटा भर्रकन खाली आला.

"दीडशे, नव्वद," डॉक्टर म्हणाले. "अजून वरच आहे रे. तिसरी गोळी चालू ठेव."

शेवटचा पेशंट गेल्यावर चहा आला. डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. "बोल आता. किती मार्क?"

शंकाने चहाला हात लावला नाही. "सर, आज तुम्ही घेतलेलं प्रत्येक बीपी शून्यावर संपलं. एकशे तीस, एकशे चाळीस, दीडशे. एकाचंही एकशे छत्तीस नाही. माणसांची बीपी अशी नसतात."

"अगं, जवळचा आकडा धरतो आपण. व्यवहारात—"

"हवा फार वेगाने सोडता, त्यामुळे नेमका कुठला आकडा ते कळायला वेळच मिळत नाही. पट्टा कपड्यावरून बांधता. पेशंटचा हात लोंबकळत असतो, पाठ टेकलेली नसते. आणि..." ती थांबली.

"आणि काय?"

"तुम्ही बोलता. पेशंटला बोलायला लावता. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं असतं आणि मोजताना कोणी बोलायचं नसतं."

"माझे पेशंट माझ्या बोलण्यासाठी येतात!"

"हो सर. दिसलं मला."

डॉक्टरांनी कप बशीत ठेवला. तो थोडा जोरात ठेवला गेला. "तू हे सगळं असंच लिहिणार?"

"बघितलं तसं."

"जरा सांभाळून घे ना. वर्षअखेरच्या आत रिन्यूअल व्हायचंय माझं. एवढ्याशा गोष्टीवरून वॉर्ड सुटला तर?"

"अजून एक भेट बाकी आहे. मंडळ पहिली भेट बघत नाही, दोन भेटींमधला फरक बघतं. पण पहिली खोटी लिहिली तर फरकही खोटाच निघेल."

"तुला बीपी घ्यायला शिकवलं कोणी?" डॉक्टरांचा आवाज चढला.

"तुम्हीच," शंका म्हणाली, आणि दोन जोड कानांचा स्टेथोस्कोप गुंडाळून झोळीत ठेवू लागली.

डॉक्टरांना राग आला तो जेवेपर्यंत टिकला. जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, शंकाच्या आवाजाची नक्कल करून. बायको भाजी वाढत ऐकत होती.

"मग बघा की मोजून," ती म्हणाली. "माझं बीपी घ्या. एकदा बोलत, एकदा न बोलता."

"तुला बीपी नाही."

"तेच तर बघायचंय."

जेवणं आटोपल्यावर ती खुर्चीत पाठ टेकून बसली, हात टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि सवयीने विचारलं, "तुझ्या बहिणीचा फोन आला होता का?"

बायकोची बहीण हा मोठा विषय होता. दोन वाक्यांतच बायको तावातावाने बोलू लागली. डॉक्टरांनी हवा या वेळी सावकाश सोडली. एकशे बेचाळीस. त्यांनी भुवया उंचावल्या.

"आता गप्प बस. पाच मिनिटं."

"तुम्ही बसाल?"

"म्हणजे काय!"

ती बसली. डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग फ्रीजकडे, मग पायातल्या चपलेकडे. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा बायकोने ओठांवर बोट ठेवलं. पुन्हा उघडलं तेव्हा तिने डोळे मोठे केले. आपण कुणाबरोबर एका खोलीत, जागेपणी, इतका वेळ न बोलता शेवटचे कधी बसलो होतो हे डॉक्टरांना आठवेना. मग त्यांनी पुन्हा मोजलं.

एकशे चोवीस.

डॉक्टरांनी पट्टा सोडला नाही. तसेच बघत राहिले.

"काय झालं? मरतेय का मी?"

"नाही." ते खुर्चीत टेकले. "अगं, हा प्रश्न आला होता. मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत. पेशंट बोलत असताना बीपी घेतलं तर काय होतं? चार पर्याय होते. मी बरोबर उत्तर दिलं होतं."

"मग?"

"मार्कही मिळाला."

बायकोने पट्टा स्वतःच सोडून त्याची घडी घातली. थोड्या वेळाने म्हणाली, "हा नियम घरात कायमचा लावता येईल का हो?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पळवाट शोधली. नवं बटणाचं मशीन मागवलं. मशीन शून्याच्या नादी लागत नव्हतं हे खरं, एकशे सदतीसही दाखवत होतं. पण गप्पा चालू असल्या की त्याचाही आकडा वर जाई आणि पेशंट गप्प असला की खाली येई. दोष काट्याचा नव्हता हे मशीनने विनातक्रार सिद्ध केलं. मंडळाला हाताने मोजलेलंच बघायचं होतं, त्यामुळे मशीन कपाटात गेलं आणि डॉक्टर गप्प बसायला शिकू लागले.

पहिला आठवडा वाईट गेला. आल्या आल्या डॉक्टर हसले नाहीत, बोलले नाहीत, नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं, हे बघून एक बाई रडायलाच लागल्या. "स्पष्ट सांगा डॉक्टर, कॅन्सर आहे ना?" एक निवृत्त गृहस्थ बाहेर जाऊन सिस्टरला म्हणाले, "यांचं बायकोशी बिनसलंय वाटतं." तिसऱ्याने बातमी पसरवली, की डॉक्टरांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. वेळ कळावी म्हणून बायकोने स्वयंपाकघरातला टायमर दिला होता. पाच मिनिटं शांत बसलेल्या माणसाच्या कानाशी तो असा किंचाळे, की माणूस खुर्चीतून उडे आणि सगळी शांतता पाण्यात जाई. शेवटी बायकोने अंडी उकडायला आणलेलं वाळूचं घड्याळ दिलं. त्याला आवाज नव्हता.

डॉक्टरांनी भिंतीवर एक पाटी लावली. 'वाळू पडेपर्यंत इथे कोणी बोलायचं नाही. डॉक्टरांनीसुद्धा.' खालची ओळ सिस्टरने वाढवली होती. ती डॉक्टरांनी खोडली नाही.

हळूहळू जमू लागलं. हात टेबलावर, पाठ टेकलेली, बाही वर. डॉक्टर समोर बसून पेशंटकडे नुसते बघत, आणि तोंड बंद असल्यामुळे त्यांना बरंच दिसू लागलं. एकाच्या घोट्यांना सूज होती. एक बाई डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवत होत्या. वाळू पडली की बीपी होई आणि मग डॉक्टर म्हणत, "आता बोला." गंमत अशी, की लोक आता कुत्र्याबद्दल बोलत नव्हते. पाच मिनिटांत त्यांना जे आठवलं असेल ते बोलत होते.

सलूनवाला आला तेव्हा त्याच्या कपाळाला पट्टी होती.

"हे काय?"

"पडलो. खाली पडलेला कंगवा उचलायला वाकलो, उठलो, आणि आरसाच फिरला. टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलो. गिऱ्हाईक बिचारं अर्धी दाढी घेऊन बसलेलं—"

डॉक्टरांनी पाटीकडे बोट दाखवलं.

"मला? मलासुद्धा?"

डॉक्टरांनी वाळूचं घड्याळ उलटं केलं.

सलूनवाल्याने आधी पाटी दोनदा वाचली. मग छताकडे पाहिलं. मग डॉक्टरांच्या कानामागच्या केसांकडे अशा नजरेने पाहिलं, की ते कापायला आले आहेत हे डॉक्टरांना न बोलता कळलं. मग तो मान खाली घालून स्वतःच्या बोटांकडे बघत बसला. वाळू संपली. डॉक्टरांनी फुगा दाबला आणि हवा अगदी सावकाश सोडली. ठोके इतके स्वच्छ त्यांनी बऱ्याच काळात ऐकले नव्हते.

एकशे अठरा, सत्तर.

त्यांनी पुन्हा मोजलं. एकशे सोळा. मग त्याला उभं करून मोजलं. अठ्ठ्याण्णव. सलूनवाल्याने उभ्या उभ्या टेबलाचा काठ धरला.

"बस," डॉक्टर म्हणाले. "आता बोल."

सलूनवाला बोलला तेव्हा तो त्याचा नेहमीचा आवाज नव्हता. "वस्तरा बंद केलाय मी डॉक्टर. तिसरी गोळी सुरू झाल्यापासून घेरी येते. कोणाच्या गळ्यावर पातं ठेवून उभं राहायचं म्हणजे... नको वाटतं. दाढीचं गिऱ्हाईक आलं की पोराकडे ढकलतो. तुम्हाला सांगायचं होतं. आलो की हसण्यावारी जातं."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे घेतली. "ऐक. चूक माझी आहे. तुझं बीपी मी म्हणत होतो तेवढं नव्हतं. आपण दोघं हसत होतो, म्हणून ते वर दिसत होतं. मी त्यावर गोळी वाढवली. ती तुला नको होती."

"म्हणजे तुमच्या विनोदांवर मी गोळी खात होतो?"

"हो."

"तेवढे बरेही नव्हते हो ते."

"नव्हते," डॉक्टर म्हणाले. त्यांना हसू आलं नाही.

"नीट सांगा. आता काय करायचं?"

"तिसरी गोळी आजपासून बंद. बाकीच्या दोन चालू. चार दिवसांनी ये, मग आठवड्याने, दोन्ही वेळा आपण असंच गप्प बसू. घरी मोजायला मशीन देतो, नवंच आहे. आणि कपाळाची पट्टी इकडे कर, बघू दे."

संध्याकाळी रस्ता ओलांडून डॉक्टर वॉर्डात गेले. आपल्या खाटा बघून झाल्यावर नेहमीसारखे घरी न जाता ते शंकाच्या खोलीशी थांबले. ती चष्मा कपाळावर चढवून एक्स-रे बघत होती.

"मंडळाच्या अहवालात एक जागा आहे," डॉक्टर दारातूनच म्हणाले. "सुधारणा करताना आधीच्या पद्धतीने कोणाला त्रास झाल्याचं आढळलं का, अशी."

"आहे."

"ती बहुतेक लोक कोरी सोडतात ना?"

"बहुतेक."

डॉक्टरांनी सलूनवाल्याचं सांगितलं. नाव न सांगता, पण कंगव्यापासून कपाळापर्यंत सगळं. "हे लिहिलं तर मंडळ विचारेल."

"विचारेल."

"सर्टिफिकेट थांबेल?"

"थांबू शकतं. नाही थांबणार असं मी सांगू शकत नाही, सर."

"आणि कोरं सोडलं तर?"

"तर मला माहीत असेल," शंका म्हणाली. "बसा ना."

ते बसले. तिने एक्स-रे बाजूला ठेवला. "मागच्या खेपेला माझं रिन्यूअल होतं तेव्हा मीही बीपीच घेतलं होतं. सोपं म्हणून. माझं काम बघायला आलेल्या बाई अनोळखी होत्या. त्यांनी मला तेच सांगितलं जे मी तुम्हाला सांगितलं. सगळे आकडे शून्यावर, हवा भर्रकन, आणि तोंड चालू. मी पेशंटला तुमचाच कंडक्टरचा विनोद सांगत होते."

"कंडक्टरचा?"

"तोच. मला तुमचा इतका राग आला होता सर! मग आठवलं, आमच्या बॅचचे सगळे तुमचं बघूनच पेशंटशी बोलायला शिकलेत. वॉर्डात लोक आमच्याशी मोकळेपणाने बोलतात ते त्यामुळेच. ते चांगलंच होतं. फक्त त्याच्याबरोबर हेही आलं."

"मग हे माझ्याकडूनच आलं, असं पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस."

"पहिल्या भेटीत बघणाऱ्याने दिसलं तेवढंच सांगायचं, स्वतःची गोष्ट नाही. नियम आहे. आणि मी 'तुम्हीच' म्हटलं होतं की."

डॉक्टरांनी टेबलावरचा एक्स-रे उचलून उजेडात धरला. कोणाच्या तरी बरगड्या होत्या, सरळ आणि शाबूत. "किती बॅच शिकवल्या असतील मी," ते म्हणाले.

"बऱ्याच."

घरी जाऊन त्यांनी ती जागा भरली. बायकोने वाचून पाहिलं आणि एक शब्द बदलायला सांगितला. त्यांनी 'पेशंटला थोडी चक्कर आली' असं लिहिलं होतं. तिने 'थोडी' काढायला लावलं.

शंका दुसऱ्यांदा आली तेव्हा खिडकीतून कोवळं ऊन टेबलापर्यंत आलं होतं. ती त्याच स्टुलावर बसली आणि पाटी वाचून तिने ओठ घट्ट मिटून घेतले. पहिले पेशंट नीट गेले. आकडे एकशे बत्तीस, एकशे सव्वीस, एकशे चौतीस असे निघत होते. एकदा एकशे चाळीस निघालं तेव्हा डॉक्टरांनी अपराधी चेहऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिनेही एकशे चाळीसच ऐकलं होतं.

मग सलूनवाला आला. कपाळावर पट्टी नव्हती. शंकाला ओळखून त्याने तोंड उघडलं आणि डॉक्टरांनी वाळू उलटी केली.

खोलीतले तिघंही गप्प होते. सलूनवाल्याने डॉक्टरांकडे बघून भुवई उडवली. डॉक्टरांनी नजर वळवली. त्याने मान किंचित वाकडी करून कंडक्टरच्या विनोदातल्या कंडक्टरसारखा चेहरा केला. डॉक्टरांच्या पोटातून हसू वर आलं. त्यांनी ते खोकल्यात दाबलं, खोकला रुमालात दाबला आणि लालबुंद होऊन छताकडे बघत राहिले. स्टुलावर शंकाचे खांदे हलत होते. मग ते सगळं ओसरलं. बाहेरून जिन्यावरची पावलं ऐकू आली, कुठेतरी नळ बंद झाला. वाळूची शेवटची धार पडून गेल्यावरही डॉक्टर क्षणभर थांबले आणि मग त्यांनी फुगा हातात घेतला.

"एकशे अठ्ठावीस, शहात्तर," ते म्हणाले.

शंकाने आपल्या हातातला कागद त्यांच्यापुढे धरला. एकशे अठ्ठावीस, चौऱ्याहत्तर. एवढा फरक मंडळाला चालत होता.

"उभा राहा," डॉक्टर सलूनवाल्याला म्हणाले. तो उभा राहिला. कशालाही न धरता.

अहवाल मंडळाकडे गेला. मंडळाने पत्र पाठवून सलूनवाल्याबद्दल विचारलं. गोळी कधी वाढवली, कशावरून, आता काय केलं. डॉक्टरांनी सगळं कळवलं. मग बरेच दिवस काहीच आलं नाही. वर्ष संपत आलं. डॉक्टर रोज संध्याकाळी रस्ता ओलांडत होते, आणि जिना चढताना हल्ली कठड्याला हात लावून चढत, जणू तो तिथे आहे याची खात्री करून घ्यावी तसे.

एका सकाळी दवाखाना उघडायच्या आधी ते सलूनमध्ये गेले.

"केस?" सलूनवाल्याने विचारलं.

"दाढी. वस्तऱ्याने."

सलूनवाला क्षणभर थांबला. मग त्याने खण उघडून वस्तरा काढला, चामड्याच्या पट्ट्यावर घासला, उजेडात धरून पाहिला. खुर्ची मागे कलती केली, फेस लावला आणि डॉक्टरांची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली.

"आता हलायचं नाही. बोलायचं नाही. इथे माझी पाटी."

पातं कानाखाली टेकलं आणि डॉक्टरांच्या खिशातला फोन वाजला. डॉक्टरांचे डोळे खिशाकडे गेले.

"हलू नका म्हटलं ना." सलूनवाल्याने डाव्या हाताने फोन काढला, नाव वाचलं आणि स्पीकरवर टाकून आरशापुढे ठेवला. "बोला मॅडम. डॉक्टरांना बोलायला मनाई आहे, गळ्यावर वस्तरा आहे त्यांच्या."

"किती वेळ?" शंकाचा आवाज आला.

"पाच मिनिटं धरा."

"मग उत्तमच. त्यांना नुसतं ऐकू द्या. सर, मंडळाचं आलं. रिन्यूअल झालं तुमचं. सलूनवाल्यांचं लिहिलंत त्याबद्दल दोन ओळी आहेत, त्या तुम्हीच वाचा. आणि आमच्याकडे नवी बॅच येतेय पुढच्या आठवड्यात. पहिला तास बीपीचा. तो तुम्ही घ्यावा असं मला वाटतं. वाळूचं घड्याळ घेऊन या."

डॉक्टरांनी घशातून आवाज काढला.

"अं हं," सलूनवाला म्हणाला. वस्तऱ्याची एक लांब, सरळ रेघ फेसातून खाली आली. त्याचा हात हलला नाही. "येतो म्हणतायत मॅडम. पण कंडक्टरचा विनोद सांगणार का विचारतायत."

"आधी बीपी," शंका म्हणाली. "मग विनोद."

आरशात डॉक्टरांनी हाताचा अंगठा वर केला, आणि पातं दुसऱ्या गालावर येईपर्यंत तसाच धरून ठेवला.